गुरुवारचा रविवार

मे महिना उजाडला की निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी, चाकण या भागांतल्या घराघरांत एक प्रश्न ठरल्यासारखा विचारला जातो. ‘बाबा, यंदा आपण कुठं जायचं?’ विचारणारा पाच-सात वर्षांचा असतो आणि उत्तर देणारा नुकताच तिसऱ्या पाळीवरून येऊन चहाच्या कपाशी डोळे चोळत बसलेला असतो. ‘बघू’ हे त्याचे उत्तरही ठरलेलेच. या ‘बघू’मध्ये खर्चाचा हिशेब असतो, रजेचा असतो, वाहनाचा असतो, पण सगळ्यांत अवघड हिशेब असतो तो वाराचा. मुलांना सुटी रविवारी, वडिलांना गुरुवारी, आणि आई नोकरी करणारी असेल तर तिला तिसऱ्याच दिवशी. घर एक, भिंतीवरचे कॅलेंडर एक, पण त्यावरच्या तांबड्या तारखा मात्र ज्याच्या त्याच्या वेगळ्या.

पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या वाचकांना हे थोडे समजावून सांगावे लागेल. पिंपरी-भोसरीच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. कारण साधे आहे. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि एकाच वेळी सुरू झाले तर विजेचा भार पेलायचा कसा? म्हणून औद्योगिक वसाहतींना आठवड्याचे वेगवेगळे वार वाटून देण्यात आले आणि या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. त्या वाराला यंत्रे थांबतात, वीज कंपनी दुरुस्तीची कामे काढते, भोसरीतल्या चहाच्या टपऱ्यासुद्धा निवांत असतात. मोठ्या कंपन्यांचे वार आणखी निराळे, आणि पाळ्यांचे चक्र त्याहून निराळे. हिशेब विजेच्या दृष्टीने चोख आहे. त्यात फक्त एक गोष्ट धरलेली नाही. कामगाराचे मूल गुरुवारी शाळेत असते.

मी बँकेत असताना काही वर्षे औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत होतो. गुरुवारी सकाळी शटर वर जाण्याआधीच बाहेर रांग लागलेली असे. आपल्या आठवड्याच्या एकुलत्या एका सुटीची निम्मी सकाळ माणसे पासबुक भरून घेण्यात आणि ड्राफ्ट काढण्यात घालवीत. रविवारी आमचे शटर खाली असे, आणि तेव्हा ती माणसे कारखान्यात कार्ड पंच करून उभी असत. कर्जासाठी येणाऱ्यांशी चार शब्द बोलणे व्हायचे. घरासाठी, स्कूटरसाठी, बहिणीच्या लग्नासाठी कर्ज मागणारे शेकड्यांनी भेटले. मुलांना घेऊन चार दिवस बाहेर जायचे आहे म्हणून पैसे मागणारा एकही भेटला नाही. सहल ही गरज असू शकते, हे त्यांनाच पटलेले नव्हते, तर अर्जाच्या नमुन्यात तो रकाना कुठून असणार?

लोखंड्यांचा वार

साप्ताहिक सुटीचा प्रश्न निघाला की नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. महात्मा फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या काळी गिरणीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो कामगारांना मैदानात आणले. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, कामगाराला देवाला जायला तो मोकळा हवा, असा मुद्दा लोखंड्यांनी मांडला होता, असे सांगतात. साहेबाच्या चर्चचा वार त्यांनी मल्हारीच्या नावाने मागून घेतला.

या लोखंड्यांचे मूळ गाव कन्हेरसर, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. त्याच खेड तालुक्यात आज चाकणची औद्योगिक वसाहत आहे. ज्या मातीतल्या माणसाने देशातल्या कामगाराला रविवार मिळवून दिला, त्याच मातीवर उभ्या असलेल्या कारखान्यांतल्या कितीतरी माणसांना आज रविवार नाही, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. सुटी आहे, ती कोणी काढून घेतलेली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही आठवड्याचा पहिला दिवस सुटीचा ठरवला आणि सोयीप्रमाणे तो बदलण्याची मुभा ठेवली. पण लोखंड्यांनी मागितला होता तो नुसता विश्रांतीचा दिवस नव्हता. घरच्यांना घेऊन जेजुरीला जाता येईल असा, सगळ्यांचा मिळून एक दिवस त्यांना हवा होता. विश्रांती एकट्याने घेता येते. सहल एकट्याने होत नाही.

स्कूटरवरचे चौघे

या पट्ट्यातल्या कुटुंबांच्या प्रवासाचा इतिहास इथल्याच कारखान्यांच्या फाटकांतून बाहेर पडलेला आहे. १९७२ मध्ये बजाजची ‘चेतक’ आली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव ल्यालेल्या या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. ती दारात आली की तिच्यावर चार माणसे बसणार हे गृहीतच असे. थोरला पुढे हँडल धरून उभा, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटी, आणि पायाशी डब्याची पिशवी. देहू, आळंदी, कार्ला, फार तर लोणावळा. आजच्या पन्नाशीतल्या कितीतरी माणसांना विचारा, लहानपणीचा वारा अंगावर घेतल्याची त्यांची पहिली आठवण चेतकच्या पुढच्या पत्र्याशी उभे राहिल्याची असते.

मग जीपगाड्यांचा काळ आला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ‘ट्रॅक्स’, आणि १९९४ मध्ये टेल्कोची ‘सुमो’. सुमो हे नाव जपानी पहिलवानांवरून ठेवले असे लोक समजत. ते आहे सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरे जोडून केलेले. चाळीतली दोन-तीन कुटुंबे मिळून सुमो भाड्याने करीत आणि अष्टविनायक उरकीत. दहा मोठी माणसे, मुलांची गणती नाही. १९९८ च्या अखेरीस पिंपरीत तयार झालेली ‘इंडिका’ बाजारात आली आणि कामगाराच्या घरासमोर मोटार उभी राहू लागली. २००२ मध्ये मुंबईचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. किवळ्यापासून कळंबोलीपर्यंतच्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांनी मुंबई, अलिबाग, कोकण सगळेच जवळ आणले.

वाहन आले, रस्ता आला. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. परिणाम असा की ज्याच्याकडे मोटार आहे तो मुलांना घेऊन सहा पदरी रस्त्याने जातो, आणि ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो तेवढीच लहान मुले घेऊन जुन्या महामार्गावरून मालमोटारींच्या सोबतीने जातो. टाकीवर मूल, मागे पत्नी, दोघांच्या मध्ये दुसरे मूल. शिरस्त्राण असलेच तर फक्त चालवणाऱ्याच्या डोक्यावर.

कायदा याबाबत गप्प नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर शिरस्त्राण सक्तीचे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचे तर त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, डोक्याला त्याच्या मापाचे शिरस्त्राण हवे, आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जाता कामा नये. मोटारीसाठीही २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनाने सुरक्षित बसवले नाही तर हजार रुपये दंड आहे. आपल्या ओळखीतल्या किती घरांत हे नियम माहीत आहेत, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

यातली गंमत म्हणा किंवा विसंगती म्हणा, अशी की मुलांच्या सुरक्षिततेची उत्तम वाहने आपल्याच अंगणात तयार होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतीय मोटारींची टक्कर चाचणी घेतली तेव्हा चाकणला बनणाऱ्या स्कोडा ‘कुशाक’ आणि फोक्सवॅगन ‘टायगुन’ यांना मोठ्यांच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. वर्षभराने पिंपरीच्या टाटा ‘हॅरियर’नेही तेच केले. या चाचण्यांत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे खास आसनात, पाठ रस्त्याकडे करून बसवलेले असतात. म्हणजे ते पाच तारे त्या आसनासकट मिळालेले आहेत. आईच्या मांडीवर बसलेल्या मुलासाठी ते नाहीत. दहा किलोचे मूल मांडीवर आहे, गाडीचा वेग ताशी पन्नास आहे आणि टक्कर होऊन ती सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर त्या क्षणी ते मूल धरून ठेवायला सव्वाशे-दीडशे किलो पेलण्याची ताकद लागते. कोणत्याही आईच्या हातात ती नसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनावर बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा असतो यावर देशभर चर्चा झाली. चर्चा महिनाभरात ओसरली. पट्टे अजून मागच्या आसनांच्या फटीत दडलेले आहेत.

सगळेच एका दिवशी

आता वाराच्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण सुरक्षिततेचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. पाऊस सुरू झाला की जूनअखेर ते ऑगस्ट या आठ-दहा आठवड्यांत या पट्ट्यातल्या लाखो कुटुंबांना घराबाहेर पडावेसे वाटते. रविवार त्यात आठ-दहाच. त्यातून एखादा पाहुण्यांचा, एखादा तापाचा, एखादा ओव्हरटाइमचा. उरलेल्या दोन-तीन रविवारी सगळे निघतात आणि त्याच चार जागी जातात : भुशी धरण, लोहगड, पवना, भीमाशंकर. अशा रविवारी खंडाळ्याच्या घाटात गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. मुले रडतात, पाणी संपते, वडील चिडतात. आणि लोणावळ्याला पोचेपर्यंत परतायची वेळ होते.

चिडचीड परवडली. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुले होती. १५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही वेळी उत्साही पर्यटकांच्या बेफिकिरीवर पुष्कळ लिहिले गेले. बेफिकिरी होतीच. जुन्या पुलाची वेळीच विल्हेवाट न लावणाऱ्या यंत्रणेचीही होती. पण दोन्ही तारखांपुढचा वार एकच आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एका शहराला आठवड्यातला एकच दिवस मोकळा मिळाला की ते सगळे शहर एकाच पुलावर येऊन उभे राहते.

मग कोणी म्हणेल, ज्यांना गुरुवारी सुटी आहे त्यांचे बरे. त्यांनी रिकाम्या रस्त्याने जावे. जायला हरकत काहीच नाही. फक्त जायचे कोणाबरोबर? मुले वर्गात बसलेली असतात.

रजा नावाची चैन

आठवड्याची सुटी जुळत नाही, तर मग वार्षिक रजा घ्यावी. सरकारी नोकरांना १९५६ पासून प्रवास सवलत आहे. आम्हा बँकवाल्यांनाही होती, आणि तिच्या जोरावर आमची मुले कन्याकुमारी पाहून आली. रजा आणि भाडे दोन्ही हातात ठेवून ‘जा’ म्हणणारी नोकरी असली की माणूस जातो; त्यासाठी त्याला मोठा पगार लागत नाही. या पट्ट्यातल्या जुन्या कायम कामगारांनाही युनियनच्या करारांतून काही ना काही मिळाले.

प्रश्न आहे तो कायम नसलेल्यांचा. चाकणच्या वसाहतीत आज जो विशी-तिशीतला तरुण यंत्रापुढे उभा दिसतो तो बहुधा कंत्राटदाराचा असतो, नाहीतर ट्रेनी. तो बीडचा असतो, लातूरचा असतो, यवतमाळचा असतो, बिहारचा असतो. कारखाना कायद्याने त्यालाही वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिलेली होती. अट एवढीच की वर्षात २४० दिवस भरले पाहिजेत. ही अट पुरी होण्याच्या आत त्याला ‘ब्रेक’ मिळतो, हे इथल्या खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांनाही ठाऊक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने नव्या श्रम संहिता लागू केल्या, त्यात ही अट १८० दिवसांवर आणली आहे. चांगले झाले. आता ‘ब्रेक’ पाचव्या महिन्यात मिळू लागणार नाही ना, एवढे पाहावे लागेल.

या तरुणाची सहल म्हणजे गाव. दिवाळीत आणि मे महिन्यात पोराबाळांना घेऊन गावाकडे जाणे, हाच त्याच्या मुलांचा प्रवास. त्या दिवसांत वल्लभनगरच्या स्थानकावर एसटीला उभे राहायला जागा नसते आणि खासगी बसचे भाडे वाटेल तसे चढते. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये, असे शासनाने २०१८ मध्येच ठरवून दिले आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री तो आदेश कोणत्या थांब्यावर उभा असतो, कुणास ठाऊक.

आणखी एका सुटीची नोंद करायला हवी. २००८ च्या अखेरीस आणि पुन्हा २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा इथल्या घरांना ‘ब्लॉक क्लोजर’ हा शब्द पाठ झाला होता. कारखाना चार-सहा दिवस बंद, वडील भर दिवसा घरी. मुले हरखून जात आणि ‘कुठं जायचं?’ विचारीत. पण तशा सुटीत कुठे जायचे कोणाच्या मनात येत नसे. सुटी आपली आपण मागून मिळालेली असेल तरच ती सुटी; नाहीतर ते नुसते थांबणे.

मुलाला काय हवे असते

एवढे अडथळे असताना सहलीचा आग्रह कशाला, असे एखाद्या सुज्ञ वाचकाला वाटेल. टीव्ही आहे, मोबाइल आहे, सोसायटीत घसरगुंडी आहे. मला वाटते, मुलाला सहलीत जागा हवी असते त्याहून जास्त माणूस हवा असतो. पाळीत काम करणारा बाप मुलाला बहुतेक वेळा झोपलेला दिसतो, आणि मूलही बापाला झोपलेलेच दिसते. ‘बाबा झोपलेत, आवाज करू नको’ हे वाक्य या गावातल्या मुलांनी जितक्या वेळा ऐकले असेल तितके इतरत्र कोणी ऐकले नसेल. त्या मुलाला दोन तास शेजारी बसलेला, जागा असलेला, कुठेही जायची घाई नसलेला बाप मिळणे, हीच मोठी यात्रा. मग ती महाबळेश्वरची असो की मळवलीची.

मळवलीचे नाव मुद्दाम घेतले. १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल धावते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही तिची स्थानके. मुलांना घेऊन सकाळी तिच्यात बसावे, खिडकीतून देहूरोड, तळेगाव, कामशेत मोजावीत, मळवलीला उतरून भाज्याच्या लेण्यांपर्यंत चालावे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. दुपारी डबा खाऊन परत. पेट्रोल नाही, घाटातली कोंडी नाही, गाडी लागून उलटी होण्याची भीती नाही.

रस्त्यानेच जायचे तर लहान मुलांच्या मापाने जावे. आपल्याकडे प्रवासाचे यश किती किलोमीटर ‘मारले’ यावर मोजतात. चार वर्षांच्या मुलाला दीड-दोन तासांनी पाय मोकळे करायचे असतात आणि त्यात त्याची काही चूक नाही. पहाटे निघावे, पोटात फार भरू नये, आवळकाठी जवळ ठेवावी, आणि उजेड असेपर्यंत मुक्कामी पोचावे, हे आपल्या आज्यांनी बैलगाडीसाठी सांगितलेले नियम मोटारीलाही तंतोतंत लागू आहेत.

आणि गाडीत मुलांच्या हातात मोबाइल देण्याआधी एक खेळ खेळून पाहावा. नाशिक रस्त्याने जुन्नर-शिवनेरीला निघा आणि मुलांना नद्या मोजायला सांगा. मोशीला इंद्रायणी, चाकणच्या पुढे भामा, राजगुरुनगरला भीमा, मंचरच्या पुढे कळंबला घोड, नारायणगावला मीना. मग विचारा, या सगळ्या जातात कुठे? मीना घोडला मिळते, घोड भीमेला. इंद्रायणी तुळापूरला भीमेला भेटते, भामाही तिलाच. आणि ही भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. शंभर किलोमीटरच्याही आत मुलांच्या ध्यानात येते की आपण ज्या पुलांवरून गेलो ते सगळे पाणी विठोबाच्या पायाशी जाणार आहे. मग त्यांना हेही सांगावे की मोशीच्या पुलाखालचे पाणी असे फेसाळलेले आणि काळे का आहे. सहलीत सगळेच गोड दाखवले पाहिजे असे नाही.

याच रस्त्यावर चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो पन्नासहून अधिक दिवस लढवला. आज चाकणच्या चौकात गाडी अडकली की मुले कंटाळून ‘अजून किती वेळ?’ विचारतात. त्यांना ही गोष्ट सांगावी. चाकणला अडकणारे आपण काही पहिले नव्हे. नाशिक फाटा ते खेड या रस्त्यावर उन्नत मार्ग बांधायला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो होईल तेव्हा होईल. तोवर गोष्ट सांगायला वेळ भरपूर आहे.

मागणे लई नाही

करता येण्याजोगे काय आहे? वीज आणि उत्पादन यांचे गणित बिघडवून सगळ्यांना रविवार द्या, असे कोणी म्हणणार नाही. भट्टी आणि रंगशाळा कामगाराच्या लेकरांसाठी थांबत नसते, हे इथल्या बायकांनाही कळते. पण महिन्यातून एक रविवार, पाळीपाळीने, लहान मुले असलेल्या कामगाराला आधी ठरवून देता येणार नाही का? ‘आधी ठरवून’ हे शब्द महत्त्वाचे. शनिवारी रात्री कळलेल्या सुटीत माणूस फक्त झोपतो. पाळीचे वेळापत्रक महिनाभर आधी फलकावर लागले, तर कंपनीला एक कागद जास्त लागेल आणि शेकडो घरांत ‘बघू’ऐवजी ‘एकवीस तारखेला’ असे उत्तर मिळेल.

शाळांनीही थोडे सैल व्हावे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. वर्षातून दोन गुरुवार ‘कौटुंबिक सुटी’ म्हणून या पट्ट्यातल्या शाळांनी मोकळे ठेवले, तर अभ्यासक्रम बुडणार नाही. त्या गुरुवारी एसटीने वल्लभनगर आणि राजगुरुनगरहून भीमाशंकर, शिवनेरी, निघोजच्या रांजणखळग्यांना थेट गाड्या सोडाव्यात. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नाही, बारापर्यंत अर्धे आहे, मार्च २०२३ पासून आईलाही अर्धे आहे. याहून स्वस्त सहल कोणती? टाकीवर मूल बसवून जुन्या महामार्गाने जाणारी एक मोटारसायकल जरी अशा गुरुवारी घरी राहिली, तरी ती गाडी भरून पावली म्हणायची.

आणि इथल्या वाहन कंपन्यांसाठी एक सूचना. मुलांसाठी पाच तारे मिळाले म्हणून वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती येतात. त्यातल्या एका जाहिरातीच्या खर्चात आपल्याच फाटकातून आत येणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी, कायम असोत की कंत्राटी, मापाची शिरस्त्राणे आणि दुचाकीचे पट्टे वाटता येतील. गाडी बनवणाऱ्याचे मूल त्या गाडीत बसणाऱ्या मुलाइतकेच नाजूक असते.

बाकी जे उरते ते घरातल्या मोठ्यांनी करायचे आहे. मूल सहलीच्या वयात फार दिवस राहत नाही. तीन ते बारा, म्हणजे अवघी नऊ-दहा वर्षे. त्यानंतर ‘तुम्ही जा, माझा क्लास आहे’ असे तेच सांगू लागते. या नऊ-दहा वर्षांत जुळून येणाऱ्या मोकळ्या दिवसांची मोजणी केली तर ते फार भरत नाहीत. एखाद्या पासबुकाच्या पानावर मावतील. ही शिल्लक व्याजाने वाढत नाही आणि पुढच्या खात्यात ओढताही येत नाही. तेव्हा या आठवड्याचे पाळीचे वेळापत्रक आले की ते आधी मुलांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. कुठेतरी एखादा अर्धा दिवस जुळत असेल. लोकल सकाळी आहे.